अशनीतला 'अ'

काकांचा आवाज काढायचा असेल तर आधी हनुवटी छातीला टेकवायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा, उजवा तळहात पसरायचा आणि त्यावर दगड आहे असं समजून तो जरा वरखाली करायचा. मग थांबायचं. लोक इथेच घाई करतात आणि नक्कल फसते. समोरच्याच्या तोंडाकडे बघत थांबायचं, त्याच्या चेहऱ्यावर आशा दिसायला लागली की म्हणायचं, "नाही." आणि लगेच, मवाळ आवाजात, "वाईट वाटून घेऊ नका. दगड चांगला आहे."

मी तसा पुष्कळांचा आवाज काढतो. आमच्या मेहकरच्या शाळेतले हेडमास्तर काढतो, एष्टीचा कंडक्टर काढतो, इथल्या मेट्रोत, एमआरटीत, दारापासून लांब उभे राहा म्हणणारी बाई तर अशी काढतो की एकदा ऑफिसच्या लिफ्टमध्ये माणसं खरंच मागे सरकली. पण काकांचा 'नाही' मला जमायला वर्ष लागलं. ते सिंगापूरमधले माझे घरमालक. हौगांगमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी एक खोली घेऊन राहायचो.

खोली मिळाली ती गावाच्या नावावर. मी मुलाखतीला गेलो तेव्हा नोकरी कुठली, कामाचा पास कुठला, मांसाहार करतोस का, हे सगळं काकूंनी विचारलं. काका कोपऱ्यात बसून एका स्टीलच्या वाटीत काहीतरी ढवळत होते. मी मेहकर म्हणालो आणि ढवळणं थांबलं.

"मेहकर म्हणजे लोणारच्या शेजारचं?"

म्हटलं हो, एष्टीनं तासाभराचा रस्ता. शाळेची सहल तिथेच जायची.

"मग काय बघितलंस तिथे?"

मी खरं ते सांगितलं. माकडानं माझा डबा पळवला होता. त्यात धपाटे होते.

काकांनी वाटी खाली ठेवली. "एवढा मोठा अशनी येऊन आदळला, एवढा खड्डा पडला, आणि तुला माकड आठवतं?" ते काकूंकडे वळले. "ह्याला ठेवून घ्या. ह्याला शिकवावं लागेल."

अशा रीतीनं माझं शिक्षण सुरू झालं. पहिला धडा जेवणाच्या टेबलावर, वरणभात कालवताना. आकाशात दिसते ती उल्का. ती रेघ आहे, उजेड आहे, वस्तू नाही. तो उजेड पाडून जे जमिनीवर येऊन पडतं, हातात घेता येतं, तो अशनी. लोक दोन्हीला उल्का म्हणतात आणि काकांना ते खपायचं नाही. "पळणाऱ्याला आणि पोचणाऱ्याला एकच नाव कसं चालेल?" असं त्यांचं म्हणणं.

काका पाया लेबारच्या एका कंपनीत हिशेब जुळवायचं काम करायचे. दोन बाजूंचे आकडे जुळले की बाकीच्यांना आनंद होतो. काकांना संशय येतो. जुळलं म्हणजे कुठेतरी दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलंय, असं ते धरून चालायचे आणि पुन्हा पहिल्यापासून तपासायचे. हाच स्वभाव त्यांनी दगडांना लावला होता. "आधी नाही म्हणून बघायचं. डोळ्याला हो म्हणायची फार घाई असते. नाही म्हणायला जागाच उरली नाही, तर मग बघू."

ही कीर्ती आपल्या लोकांत पसरलेली. भारतातून कुणी काळा दगड आणला, कुणाला ईस्ट कोस्टच्या वाळूत जड काहीतरी सापडलं, की ते काकांकडे यायचं. एकदा सेरंगूनहून एक बँकेतला माणूस बायकोला घेऊन आला. रुमालात गुंडाळलेला दगड त्याने टेबलावर असा ठेवला, जसं काही बाळच आहे. काकांनी तो हातात तोलला. अशनी दिसतो त्याहून जड लागतो, हे पहिलं. हा लागत होता. बँकवाला खुशीत आला. मग दोरीला बांधलेलं लोहचुंबक जवळ नेलं. बहुतेक अशनींत लोखंड असतं, ते ओढतं. ह्याने ओढलं. बँकवाला बायकोकडे बघून हसला. मग काकांनी भिंग लावलं आणि बायकोला दाखवलं, ही बारीक भोकं बघा वहिनी. बुडबुड्यांची आहेत. आकाशातून येतो त्याला अशी भोकं नसतात. त्याच्यावर अंड्याच्या कवचाएवढी पातळ काळी साय धरलेली असते, आणि ओल्या मातीवर कुणी अंगठे दाबल्यासारखे खळगे असतात. हे भट्टीतून आलंय. लोखंड वितळवताना वर येणारी मळी.

बँकवाला ऐकेना. तेव्हा काकांनी बाथरूमच्या फरशीचा एक तुकडा काढला, त्याची उलटी, खरखरीत बाजू वर केली आणि दगड त्यावर ओढला. काळी रेघ उमटली.

"अशनी सहसा सही करत नाही," काका म्हणाले. "अशी ठळक सही करणारा बहुतेक इथलाच."

मग थांबले. मग तो 'नाही'. मग दगड चांगला आहे. काकूंनी चहा आणला, कारण त्या दगडांना नव्हे पण माणसांना तरी हो म्हणायच्या.

सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक आलं ते काकांच्याच ऑफिसमधलं. आजोबांचा शाळिग्राम घेऊन. म्हणे, हा नक्की आकाशातला असणार, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. खरी परीक्षा करायची तर कोपरा कानसून आत चकचकीत धातूचे कण, गोल गोल दाणे दिसतात का ते बघावं लागतं. टेबलावर कानस होती. मी दाराआडून बघत होतो, आता हा माणूस देवाला कानस लावतो का काय. काकांनी शाळिग्राम हातात घेतला, तोललाही नाही, परत दिला.

"ह्याला आधीच काम आहे," ते म्हणाले. "दुसरं कशाला देता?"

त्यांचं स्वतःचं शोधणं मात्र दगडांचं नव्हतंच. ते त्यांनी केव्हाच सोडलं होतं. सिंगापुरात ढेकूळ सापडत नाही तिथे दगड कुठला, आणि आकाशातून पडलाच तर दुपारच्या आत कुणीतरी झाडून नेईल. उरला तर पावसात गंजेल. पण आकाशातून दगडांपेक्षा कितीतरी जास्त धूळ पडते. रोज, सगळीकडे, तुझ्या मेहकरच्या पत्र्यावरसुद्धा. वाटेत वितळून गोल झालेले कण, मिठाच्या दाण्याएवढे, बरेचसे त्याहूनही लहान. अशनीच ते, फक्त बारीक. ते पावसाबरोबर वाहत जातात आणि पन्हाळीच्या तोंडाशी साचतात. म्हणून काका दर शनिवारी सकाळी, विशेषतः रात्री पाऊस झाला असेल तर, आमच्या ब्लॉकसमोरच्या बहुमजली कारपार्कच्या उघड्या गच्चीवर जायचे. तिथल्या गटाराच्या जाळीशी गुडघे टेकून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं लोहचुंबक फिरवायचे. पिशवीला जे चिकटेल ते घरी आणायचं, भांडी घासायच्या साबणानं धुवायचं, चाळायचं, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली दाणा दाणा बघायचा.

सूक्ष्मदर्शक लावला की घरातला पंखा बंद. एक फुंकर आली तरी महिन्याचं काम कोचाखाली जाणार. सिंगापूरचा उकाडा, पंखा बंद, आणि बैठकीच्या खोलीतून थोड्या थोड्या वेळानं "नाही… नाही… नाही…" असा आवाज. काकू म्हणायच्या, लग्नात मंगलाष्टकं चालली होती तेव्हाच मला कळायला हवं होतं, सावधान सावधान ह्यांच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं.

आता शनीचं सांगतो.

कुणीतरी काकूंना फोनवर विचारलं की शनिवारी भावजी दिसत नाहीत कुठे. काकू म्हणाल्या, ह्यांचं अशनीचं चाललंय. आता हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघा. 'ह्यांचं अशनीचं'. तो 'अ' कुठे गेला ते तुम्हीच सांगा. पलीकडच्या बाईंनी ऐकलं की ह्यांचं शनीचं चाललंय. त्या बाई म्हणजे शेजारच्या ब्लॉकमधल्या नेनेकाकू. त्यांना ते पटलंही लगेच. शनिवार, काळी पूड, लोखंड, उपाशीपोटी सकाळी वर गच्चीवर जाऊन गुडघे टेकणं, आणि ऑफिसात दोनदा हुकलेली बढती. साडेसाती नाही तर काय? आठवडाभरात आपल्या लोकांत पसरलं. मला पाया लेबारच्या हॉकर सेंटरमध्ये जेवताना एका अनोळखी माणसानं हळू आवाजात विचारलं, तुमच्या काकांना कितवं वर्ष चाललंय?

पुढच्या शनिवारी काका अजून कारपार्कवर होते आणि नेनेकाकू घरी आल्या. लिटल इंडियातल्या टेक्क्याच्या बाजारातून तिळाचं तेल आणि काळे उडीद घेऊन. काकू आत चहा टाकायला गेल्या. खिडकीशी स्टीलच्या वाटीत काळी पूड वाळत होती, कित्येक आठवड्यांची. नेनेकाकूंनी मनोभावे हात जोडले, वाटीभोवती उडीद मांडले आणि वाटीत तेल सोडलं. मी बाहेर आलो तेव्हा त्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या, आणि मध्येच थांबवणं बरं दिसेना.

काका आले. वाटीकडे बघितलं. नेनेकाकूंकडे बघितलं. मी माझ्या आयुष्यात त्यांना एवढा वेळ थांबलेलं बघितलं नव्हतं.

"नेनेबाई," ते म्हणाले, "पुढे 'अ' आहे."

"कशाच्या पुढे?"

"शनीच्या. अ-शनी. त्या 'अ'ला काही किंमत आहे की नाही?"

नेनेकाकूंना सगळं समजावून सांगण्यात आलं. आकाश, धूळ, पन्हाळ, गोल कण. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जाताना चप्पल घालता घालता म्हणाल्या, "असू दे हो भावजी. आत शनी आहेच की."

काका रागावले नाहीत. वाटी सिंकपाशी नेली, गरम पाणी घेतलं आणि धुवायला बसले. साबण, पाणी, थांबायचं, वरचं ओतून द्यायचं, पुन्हा साबण. संध्याकाळपर्यंत. मी म्हटलं काका, फेकून द्या ना, पुढच्या शनिवारी नवीन आणू. ते म्हणाले, ह्यात नाही असं अजून कुठे ठरलंय? रात्री पूड वाळली तेव्हा पहिल्यापेक्षा स्वच्छ निघाली होती, दाणे सुटे सुटे. तेलानं जुनी चिकट माती सोडवली असावी, असं ते म्हणाले, पण हे नेनेबाईंना सांगू नकोस.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी स्टेजवर काकांची नक्कल केली. दगड, चष्मा, नाही. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. काका तिसऱ्या रांगेत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ते मागे आले, आता ऐकावं लागणार म्हणून मी तयारीत होतो. ते म्हणाले, तुझा 'नाही' चुकतोय. तू लांबवतोस. लांबवला की माणसाला वाटतं ह्याच्या मनात शंका आहे. आखूड म्हण, आणि म्हणताना त्याच्या दगडाकडे बघू नकोस, त्याच्याकडे बघ. त्यांनी मला तिथेच, पडद्यामागे, तीन-चार वेळा म्हणायला लावलं. तेव्हापासून माझी नक्कल बसली.

हे सगळं हसण्यासारखं होतं. इराला मात्र हसू येत नव्हतं.

इरा त्यांची मुलगी, पॉलिटेक्निकला शिकायची. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्लिशमध्ये, तेही इथल्या पद्धतीनं वाक्याच्या शेवटी 'लाह' लावून. तिच्या वर्गातल्या कुणीतरी समोरच्या ब्लॉकच्या वरच्या मजल्यावरून काकांचा व्हिडिओ काढला. गटाराशी गुडघे टेकलेला माणूस, हातात प्लास्टिकची पिशवी, मागे उडतं धोतरच काय ते नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'ड्रेन अंकल'. तो वर्गभर फिरला. त्या दिवशी ती घरी आली ती बॅग न काढताच बोलायला लागली. टाउन कौन्सिलचा माणूस एकदा तक्रारीवरून येऊन गेलाय, शेजारी बघतात, आणि मिळालंय काय इतक्या वर्षांत? "पप्पा, एव्हरीथिंग आल्सो वेल्डिंग लाह. इट्स जस्ट वेल्डिंग."

खरी गंमत अशी की ती बरोबर होती. सिंगापुरात कायम काहीतरी बांधत असतात. जिथे लोखंड कापतात, जोडतात, तिथे ठिणग्या उडतात, आणि ठिणगी थंड झाली की तिचा अगदी गोल, काळा, चुंबकाला चिकटणारा मणी होतो. दिसायला अशनीचा सख्खा भाऊ. काकांचे सगळे 'नाही' ह्या मण्यांनाच होते. ठिणगीचा मणी गुळगुळीत, चकचकीत, बऱ्याचदा आतून पोकळ. आकाशातल्याच्या अंगावर रेघा असतात, एका बाजूला कधीकधी धातूचा थेंब बाहेर आलेला असतो. हे काकांना पाठ होतं. फक्त तसा एकही त्यांना मिळाला नव्हता.

त्याच आठवड्यात लिफ्टपाशी नोटीस लागली. कारपार्कच्या गच्चीवर सोलर पॅनल बसवणार, अमुक तारखेपासून वरचा मजला बंद. इराने नोटिशीचा फोटो काढून आणला आणि फोन टेबलावर ठेवला.

"व्हेन दे क्लोज, यू स्टॉप. प्रॉमिस."

काकांनी फोटो बघितला. मग तिच्याकडे बघितलं, दगडाकडे नाही, माणसाकडे, तसंच.

"तोपर्यंत एक खरा मिळाला नाही तर थांबतो. पुन्हा लोहचुंबक हातात घेणार नाही. मिळाला तर तू मला थांब म्हणायचं नाहीस."

"फाइन."

काकू म्हणाल्या, अहो, मुलीशी करार कसले करता? पण झाला होता. काकांच्या तोंडून निघालेलं म्हणजे ऑडिट झालेलं.

पुढचे सगळे शनिवार मी त्यांच्याबरोबर गेलो. हसत हसत गेलो, पण गेलो. त्यांनी गच्चीचे भाग पाडले होते, एकेका पन्हाळीला एकेक शनिवार. नाही. नाही. नाही. शेवटचा एक कोपरा उरला, लिफ्टच्या मशीनच्या खोलीमागचा. तिथे गाड्या जात नाहीत, झाडूही क्वचित जातो. तो त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. आदल्या रात्री झोडपून पाऊस झाला. सकाळी आम्ही वर गेलो तर गच्चीवर माणसं. बंद व्हायला अजून दोन दिवस होते, पण कामगार आधीच आले होते. लोखंडाचे खांब उतरवून ठेवलेले, आणि एकजण ग्राइंडरची वायर सोडवत होता.

मी काकांना इतकं पांढरं झालेलं कधी बघितलं नव्हतं. एकदा ग्राइंडर चालला की गच्चीभर ठिणग्या, म्हणजे खोट्यांचा पाऊस. त्यानंतर त्या कोपऱ्यातून काही मिळालं तरी त्याला काही अर्थ नाही.

मला एकच सुचलं. टाउन कौन्सिलचा तो तक्रारीवाला माणूस घरी आला होता तेव्हाच मी त्याचा आवाज उचलला होता. फोन कानाला लावतो, त्याच्या आवाजात मुकादमाला सांगतो, टुडे नो कटिंग. काकांना म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे.

"खोट्या आवाजानं मिळालेला नग मी धरणार नाही," ते म्हणाले आणि सरळ मुकादमाकडे गेले.

मुकादम तमिळ माणूस, पिवळं हेल्मेट, तोंडात पान नसून पान असल्यासारखा चेहरा. काकांनी त्याला सांगितलं की त्या कोपऱ्यातली माती हवी आहे, कापायला सुरुवात करण्याआधी.

"गोल्ड ड्रॉप आ, अंकल?"

काका म्हणाले, नाही, सोन्यापेक्षा लहान.

"डायमंड?"

"त्याहून जुनं."

मुकादम विचार करत राहिला. हिऱ्याहून जुनं काय असतं आणि ते गटारात का असतं, हे त्याला ठरवता येत नसावं. मग त्याने काकांच्या गुडघ्यांकडे बघितलं. पँटला दोन्ही गुडघ्यांवर ठिगळं होती, काकूंनी आतून लावलेली. त्याने मागे वळून ग्राइंडरवाल्याला काहीतरी म्हटलं, आणि सगळे टिफिन घेऊन सावलीत बसले.

आम्ही कोपऱ्याकडे पळालो. काका गुडघ्यांवर, मी केरभरणी धरून. त्यांनी लोहचुंबकसुद्धा नाही फिरवलं, सगळीच माती खरवडली, शेवाळ, वाळू, पानं, सगळं. जाळी उचलून खाली हात घालून काढली. मी त्यांना धाप लागलेली पाहिली आणि म्हटलं आता पुरे. ते म्हणाले, कोपरा. म्हणजे कोपऱ्यातला कोपरा. तो काढला, पिशवीला गाठ मारली, मुकादमाला हात जोडले. आम्ही जिन्यात पोचलो तेव्हा मागे ग्राइंडर सुरू झाला.

ती माती धुवायला, चाळायला, वाळवायला वेळ लागला. मग बघणं. गच्ची बंद झाली होती, त्यामुळे काका आता शनिवारी घरीच असायचे आणि करार पाळत होते. हातातली माती संपेपर्यंतच काय ते. पंखा बंद, उकाडा, "नाही… नाही…" मी माझ्या खोलीत लॅपटॉपवर काम करायचो आणि तो आवाज मला पावसासारखा वाटायला लागला होता, चालू आहे एवढंच कळायचं.

एका दुपारी तो थांबला.

मी बाहेर आलो. काकूही स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या, हातात झारा. काका सूक्ष्मदर्शकावर वाकलेले. काकूंनी न सांगता गॅस बंद केला.

इरा सोफ्यावर फोन बघत पडली होती. तिने मान वर केली. थोडा वेळ वाट पाहिली. मग उठून आली आणि म्हणाली, मी बघू? काका बाजूला झाले. तिने बराच वेळ डोळा लावून बघितलं. तिलाही ते सगळं पाठ झालं होतं, आम्हा सगळ्यांना झालं होतं. त्या रात्री तिने तिच्या लेक्चररला मेसेज केला की कॉलेजच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर एक कण बघायचा आहे, कॅन?

आम्ही गेलो त्या दिवशी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ऑफिसचे काळे बूट. कण एका काचेवर, काच डबीत, डबी रुमालात, रुमाल खिशात, आणि खिशावर हात. एमआरटीत त्यांनी तो हात काढला नाही, दांडी पकडायची वेळ आली तरी. लॅबमधली बाई हसतमुख, चिनी, माझ्यापेक्षा जरा मोठी. तिने कण काळ्या चिकट पट्टीवर घेतला, यंत्रात ठेवला, हवा काढली, आणि पडद्यावर चित्र आलं.

गोल. अंगभर समांतर रेघा, करंजीच्या मुरडीसारख्या ओळीत. एका बाजूला बाहेर आलेला धातूचा छोटा थेंब.

इराने माझं मनगट धरलं. काका मात्र सुरू झाले. वेल्डिंगचा असेल. बाईने त्यात काय काय आहे ते दाखवणारा आलेख काढला. मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोखंड, थेंबात निकेल. वेल्डिंगमध्ये असं मिश्रण नसतं, ती म्हणाली. सिमेंटचं काही? त्यात कॅल्शियम हवं, इथे जवळपास नाही. चिनी सातव्या महिन्यात लोक पितरांसाठी कागद जाळतात, त्याची राख? नाही. फटाके? नाही. काका एकेक 'नाही' शोधून तिच्यापुढे ठेवत होते आणि ती एकेक परत देत होती. मी त्यांचा चेहरा बघत होतो. मला वाटलं होतं त्यांना हेच हवं आहे. पण त्यांना घाम फुटला होता. शेवटी त्यांच्याकडचं सगळं संपलं.

"मला नाही म्हणायला काही उरलं नाही," ते इंग्लिशमध्ये म्हणाले, हळू. "तुम्ही म्हणा. प्लीज. तुम्ही नाही म्हणा."

त्या बाईने पडद्याकडे बघितलं, आलेखाकडे बघितलं, आणि हसली.

"अंकल, कॅनॉट."

काका खाली वाकले. मला वाटलं चक्कर आली, मी पुढे झालो. पण ते बुटांच्या नाड्या सोडत होते. एक बूट काढला, दुसरा काढला, बाजूला जोडीनं ठेवले, आणि मोज्यांवर, डाव्या मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आलेला असताना, दोन पावलं पुढे जाऊन पडद्यासमोर उभे राहिले. हात जोडले नाहीत. नुसते उभे राहिले.

"अंकल, शूज मस्ट वेअर," ती बाई गडबडून म्हणाली. "लॅब रूल."

"वन मिनिट लाह," इरा म्हणाली, आणि वाकून तिने ते बूट उचलले आणि हातात धरून उभी राहिली.